लाल ठिपक्याचा स्क्रू

बॅटरी मिस्त्रींकडे गाडीची बॅटरी बदलायला गेलेला माणूस बोलणी खाऊन परत येई. मिस्त्री बॅटरीचं काम करतच नसत. त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेनाएवढी उजेडाची बॅटरी कायम अडकवलेली असे, आणि कशावरही विश्वास ठेवण्याआधी ते तिचा झोत टाकून बघत. त्यावरून लोकांनी हे नाव ठेवलं होतं. औषधाच्या पाकिटावरची तारीख, भाजीवाल्याच्या तराजूचा काटा, वीजमीटरचे आकडे, सगळं उजेडात तपासून घ्यायचं. बायकोने चहा पुढे ठेवला तरी हात आधी खिशाकडे जाई. “अहो, चहाच आहे तो,” ती म्हणे, “त्यात काय सापडणार तुम्हाला?” लेकीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या स्कूटरवर त्यांनी बॅटरी मारली होती आणि मागचा टायर पार गुळगुळीत झाल्याचं चारचौघांत जाहीर केलं होतं. लेक ते अजून विसरलेली नाही.

त्यांचं काम एकच, ब्रेकचं. त्यातही खास काम म्हणजे जाम झालेले पिस्टन काढणं. गाडीच्या चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरत असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा एक पंजा असतो, तो कॅलिपर. पायाने ब्रेक दाबला की ऑइल पिस्टनला पुढे ढकलतं आणि चिमटा आवळला जातो. पाय उचलला की पिस्टनभोवतीची रबरी रिंग, म्हणजे सील, त्याला केसभर मागे ओढते. एवढ्या केसभर मागे येण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणी धरतं, पिस्टनला गंज चढतो आणि तो आपल्या घरात असा रुतून बसतो की भलेभले हात टेकतात. मग त्या भल्याभल्यांचं काम बॅटरी मिस्त्रींच्या टेबलावर येई.

तरुणपणी ते हवेच्या दाबाने पिस्टन काढत. एकदा असाच एक पिस्टन बराच वेळ ढिम्म हलला नाही, आणि हलला तेव्हा थेट उडालाच. मिस्त्रींचा डावा हात पुढ्यात होता. मधल्या बोटाचं टोक तेव्हापासून चपटं आहे. त्या दिवसापासून दुकानात हवा फक्त टायरमध्ये भरायची, असा नियम झाला. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी धीराने काम केलं. गंज सोडवणारं तेल घालून ठेवायचं, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यायचे, पकडीने कणाकणाने फिरवायचं. एकेका पिस्टनने तीन-तीन दिवस खाल्ले.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांना युक्ती सुचली. ट्रकला ग्रीस भरायचा हातपंप त्यांनी घेतला, लेथवाल्याकडून त्याला एक तोंड करून घेतलं आणि ते कॅलिपरच्या ऑइलच्या भोकात बसवलं. दांडा दाबत गेलं की घट्ट ग्रीस आत शिरतं आणि त्याच्या रेट्याने पिस्टन मुकाट्याने बाहेर सरकत येतो. तो उडत नाही, आवाज करत नाही. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मिस्त्री एकटेच हसत बसले होते. शेजारच्या रंगाऱ्याला, समोरच्या शिंप्याला बोलावून त्यांनी तो पंप दाखवला. पंपासाठी भिंतीवर वेगळा खिळा ठोकला आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असं सांगून टाकलं.

त्याच महिन्यात जावई दुकानात आला. तो ज्या पॅकिंगच्या कारखान्यात होता तो बंद पडला होता. बायको म्हणाली, हाताशी माणूस हवाच आहे ना तुम्हाला. लेकीने तर तोंडाने काही न म्हणता नुसतं बघितलं, आणि मिस्त्रींच्या तोंडून हो निघून गेलं. आता परक्या माणसाला ओरडता येतं, जावयाला कसं ओरडणार? मिस्त्री त्याला जावईबापू म्हणत, अहो-जाहो करत, आणि त्याच्या पाठीमागे उभे राहून डोळ्यांत तेल घालून बघत.

कामाची वाटणी ठरली. पिस्टन काढायचे, पंपाचं ग्रीस पुसायचं आणि भोकात फवारा मारून ते धुवायचं, हे मिस्त्रींकडे. पुढे पिस्टनचं घर घासणं, नवीन सील बसवणं, पिस्टन परत घालणं हे जावयाकडे. जावयाचा हात हलका होता. तो हातमोजे घाली, सील ब्रेकच्या ऑइलमध्ये भिजवून बोटाने अलगद बसवी आणि काम करताना अवाक्षर बोलत नसे. हे न बोलणंच मिस्त्रींना खटके. बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कळतं तरी, असं त्यांचं मत.

एक नियम मात्र पंपापेक्षा आणि जावयापेक्षा खूप जुना होता. दोन पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एका पिस्टनकडून दुसऱ्याकडे ऑइल जायला आतून एक आडवं भोक असतं आणि त्याचं बाहेरचं तोंड एका छोट्या स्क्रूने बंद केलेलं असतं. कधीकाळी एका मदतनीसाने तो स्क्रू उघडून ढिला बसवला होता आणि एका गाडीचं सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. नशिबाने गाडी सपाट रस्त्यावर होती. तेव्हापासून कॅलिपर टेबलावर आला की मिस्त्री सगळ्यात आधी त्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. बाटली लेकीची, लग्नाआधीच तिच्याकडून आणलेली. ठिपका तडकलेला दिसला तर कुणीतरी हात लावला, इतका साधा हिशेब. लाल ठिपक्याच्या स्क्रूला पाना लागता कामा नये.

मग कामं परत यायला लागली.

पहिली एक टॅक्सी आली. महिनाभरापूर्वीच केलेले ब्रेक सुटत नव्हते. पाय उचलला तरी चाक धरून ठेवत होते. मिस्त्रींनी काम गुपचूप पुन्हा करून दिलं. पंधरा दिवसांनी एक मालाची गाडी आली, मग आणखी एक. सगळ्यांचं दुखणं एकच, पिस्टन बाहेर येतो पण मागे जात नाही. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. दुकानात नवीन काय आलं होतं? जावई! पंपही त्याच महिन्यात आला होता, पण पंपावर त्यांचा जीव होता.

एकदा पाल चुकचुकली की मिस्त्रींना झोप लागत नसे. सील म्हटलं तर किरकोळ वस्तू, पण नवीन पाकिटं परस्पर विकून जुनी रिंग पुसून बसवली तर वरून कुणाला कळणार? ते केराच्या डब्यात हरवलेला नट शोधायचं निमित्त करून रिकामी पाकिटं मोजू लागले. पाकिटं बरोबर भरली. मग त्यांना वाटलं, पाकिटं मुद्दाम टाकली असतील. जावई फोन आला की बाहेर जाऊन बोलतो, हे त्यांनी टिपलं. सीलच्या दुकानदाराशी तो हसून बोलतो, हेही टिपलं. एवढं हसण्यासारखं सीलमध्ये काय असतं?

त्यातच एका दुपारी जावयाने हळूच विषय काढला. दोन पिस्टनचे कॅलिपर धुताना तो लाल ठिपक्याचा स्क्रू एकदा उघडून बघू द्याल का, असं त्याने विचारलं. मिस्त्रींनी बॅटरी थेट त्याच्या तोंडावर मारायचीच काय ती बाकी ठेवली. इतके दिवस मूग गिळून बसलेला माणूस आज तोंड उघडतो, आणि मागतो काय, तर नेमका तोच स्क्रू! त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. रात्री बायकोला म्हणाले, कुठेतरी पाणी मुरतंय. बायको म्हणाली की पाणी त्यांच्या डोक्यात मुरतंय, आणि कूस बदलून झोपली.

पुढच्या आठवड्यात ते काही कामाने लेकीकडे गेले. लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि अंधारा. त्या जिन्याचा मोडका कठडा जावयाने स्वतः नवीन स्क्रू मारून बसवला होता, म्हणून मिस्त्री तो कधी धरत नसत. भिंतीला हात टेकून चढत. लेक आत चहा करत असताना त्यांना खिडकीत एक पत्र्याचा डबा दिसला. हलवला तर आवाज नाही. ज्या डब्यात काहीतरी आहे पण वाजत नाही, त्यात रबर असणार, हे ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यांनी झाकण उघडून उजेड टाकला. आत वापरलेली सील होती, एकेक कागदात गुंडाळून नीट ठेवलेली. जुनी सील इतकी जपून कोण ठेवतं? ज्याला ती परत वापरायची आहेत तोच. मिस्त्रींनी झाकण लावलं आणि चहा न पिताच घर सोडलं.

तरी त्यांनी लगेच तोंड उघडलं नाही. खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्यांचा बाणा. कामगारांची ने-आण करणारी एक व्हॅनवाली बाई होती, जिभेला तिखट पण माणूस सरळ. तिच्या व्हॅनचे पुढचे दोन्ही कॅलिपर जाम झाले होते, दोन-दोन पिस्टनचे. मिस्त्रींनी त्या दिवशी जावयाला सामान आणायला लांब पिटाळलं आणि सगळं काम स्वतः केलं. सील दुसऱ्याच दुकानातून, स्वतः जाऊन आणली. पंपाने पिस्टन काढले, पुसले, भोकात फवारा मारला, घासले, बसवले. लाल ठिपका नेहमीपेक्षा जाड दिला आणि ओल्या रंगावर चपट्या बोटाचा ठसा उमटवून ठेवला. कॅलेंडरवर खूण केली. बाकीची कामं महिन्या-सव्वा महिन्यात परत आली होती. व्हॅन चाळीस दिवस टिकली की चोर सापडला.

चाळीस दिवस धीर धरणं त्यांना जमलं नाही. पस्तिसाव्या दिवशी आणखी एक मालाची गाडी परत आली, जावयाच्या हातची, आणि त्यांचा तोल सुटला.

“जावईबापू, तुमच्या खिडकीतल्या डब्यात जुनी सील आहेत. ती कशाला ठेवलीत?”

जावयाने मान वर केली. “तुम्ही डबा उघडलात?”

“उघडला म्हणून तर कळलं. माझ्या एकट्याच्या हातचं काम पस्तीस दिवस झाले, परत आलं नाही. तुमच्या हातचं महिन्यात येतं. यातून मी काय समजायचं?”

जावयाने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, त्यांची घडी घातली आणि दुकानाची किल्ली त्यावर ठेवली. “तुम्ही समजून मोकळे झालाय,” तो म्हणाला. “मग मला कशाला विचारता?”

तो गेला. संध्याकाळी लेक घरी आली, बसलीसुद्धा नाही. तिने आईला सांगितलं, बापाला नाही. नवऱ्याला लांबच्या गावी काम मिळतंय, इतके दिवस तो तुम्हा दोघांसाठी नाही म्हणत होता, आता महिनाअखेर आम्ही जातोय. दारात थांबून ती एकदाच वडिलांकडे वळली. “स्कूटरच्या टायरपासून तुम्ही त्याला तपासताय, बाबा. एकदा तरी तो पास झाला असता तर बरं झालं असतं.”

मिस्त्री वरून म्हणाले, जाऊ दे, खरं बोललं की टोचतंच. आतून त्यांना फार वाईट वाटत होतं. एकच लेक, आणि ती आता सणसमारंभालासुद्धा येईल की नाही कोण जाणे. पण आपण बरोबर आहोत, या एका आधारावर ते पुढचे पाच दिवस तग धरून राहिले. चाळिसावा दिवस पार पडला तेव्हा त्यांनी कॅलेंडरवरच्या खुणेभोवती गोल केला. बायकोने त्यांच्याशी बोलणंच कमी केलं होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी व्हॅनवाली आली. व्हॅन पायी चालणाऱ्याच्या वेगाने दुकानासमोर येऊन थांबली आणि पाठोपाठ जळका वास आला.

“चढावर पुढच्या चाकातून धूर यायला लागला,” ती म्हणाली. “नऊ माणसं उतरवली मी रस्त्यात. ह्या वेळी तुम्ही स्वतः केलं होतंत ना मिस्त्री?”

पण सवय अशी जाते का? पहिला संशय मिस्त्रींनी व्हॅनवालीवरच घेतला. मध्ये दुसऱ्या कुणाकडून उघडून घेतलं का, असं त्यांनी विचारलं आणि त्यावर जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. चाक निवेपर्यंत ते समोर बसून राहिले. मग कॅलिपर तबकडीवरून सोडवून त्यांनी बॅटरी मारली. लाल ठिपका जसाच्या तसा होता. तापून काळपट झालेला, पण कुठे चीर नाही, आणि मधोमध त्यांच्या चपट्या बोटाचा ठसा. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर कळावं म्हणून दिलेला तो ठिपका आता एवढंच सांगत होता, की दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

पिस्टन पुढे यायला तयार होते, मागे जायला नव्हते. म्हणून पंप काढायची गरजच पडली नाही. व्हॅनवालीला आत बसवून त्यांनी ब्रेक दाबायला सांगितला आणि ऑइलच्या दाबानेच पिस्टन बाहेर घेतले. सील उपसून काढली. त्याच दुकानातून त्यांनी एक जास्तीचं सील आणलं होतं, ते शेजारी ठेवलं. आतलं फुगलं होतं, बोटात मऊ लागत होतं. फुगलेलं रबर पिस्टनला आवळून धरतं, ते मागे कसं ओढणार?

रबर कशाने फुगतं, हे मिस्त्रींना कुणी शिकवायला नको होतं. डिझेल, साधं तेल, ग्रीस. ब्रेकच्या रबराला ग्रीसचं बोट लागू देऊ नका, असं आयुष्यभर त्यांनी प्रत्येक मदतनीसाला ओरडून सांगितलं होतं. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. पंप खिळ्याला लटकत होता.

ऑइलच्या भोकात त्यांनी उजेड टाकला. स्वच्छ होतं. पिस्टनची घरं स्वच्छ होती. उजेड पोचत नाही अशी एकच जागा उरली होती. त्यांनी पाना घेतला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा लाल ठिपका तडकला. स्क्रू बाहेर आला, त्याच्यामागून पिवळं ग्रीस वळी होऊन हळूहळू बाहेर सरकलं आणि टेबलावर पडलं. आडव्या भोकाच्या त्या बंद कोपऱ्यात, जिथे फवारा जात नव्हता, ते चाळीस दिवस बसून होतं आणि चाक तापेल तसं थोडं थोडं ऑइलमध्ये मिसळत होतं. परत आलेली प्रत्येक गाडी दोन पिस्टनची होती. एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये असा कोपराच नसतो, आणि तसली एकही गाडी परत आली नव्हती. हे डोळ्यांसमोर होतं आणि त्यांनी बघितलं नव्हतं.

“काय झालं?” व्हॅनवालीने विचारलं.

“चूक माझी आहे,” मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला इतका वेळ लागला की ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला त्यांनी ओळखीच्या माणसाची दुसरी व्हॅन मिळवून दिली आणि दुकान बंद केलं. पंप खिळ्यावरून काढून त्यांनी टेबलाखाली ढकलला. लाज तर वाटत होतीच, पण त्याहून भीती मोठी होती. व्हॅन चढावर होती, उतारावर असती तर? आणि रस्त्यावर अजून किती गाड्या त्यांचं ग्रीस पोटात घेऊन फिरत होत्या?

दुपारी उशिरा, कॅलिपर पिशवीत घालून ते लेकीच्या जिन्यापाशी आले. चढताना सवयीने कठड्याच्या स्क्रूवर उजेड टाकला आणि भिंत धरून वर गेले. लेकीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. तिच्या मागे खोक्यांची चळत दिसत होती. जावई जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

मिस्त्री दारातच खाली बसले. पिशवीतून कॅलिपर, ठिपका तडकलेला स्क्रू आणि कागदात घेतलेलं ग्रीस काढून त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवलं. “व्हॅन परत आली,” ते म्हणाले. “ग्रीस माझ्या पंपाचं आहे. ठिपकाही माझाच. मी तुमच्यावर खापर फोडलं, ते चुकलं माझं.”

जावई उठला. त्याने खिडकीतला डबा आणला आणि एक फुगलेलं सील काढून त्यांच्या हातावर ठेवलं. कागदावर गाडी आणि तारीख लिहिलेली होती, त्या दिवशी मिस्त्रींच्या नजरेतून सुटलेली. परत आलेल्या प्रत्येक गाडीचं सील त्याने जपून ठेवलं होतं, ती का फुगतात ते शोधायला. स्क्रू उघडू द्या, असं तो त्यासाठीच म्हणाला होता.

“मग ग्रीसचं बोलला का नाहीत?” मिस्त्रींनी विचारलं.

उत्तर लेकीने दिलं. “बोलला असता तर तुम्ही म्हणाला असतात, स्वतःचं पाप पंपावर ढकलतोय.”

अगदी याच शब्दांत आपण म्हणालो असतो, हे मिस्त्रींना माहीत होतं. लेक दारातून बाजूला झाली, पण ते आत गेले नाहीत.

जावयाने कॅलिपर उचलून मांडीवर घेतला. “भोक धुतलंत?”

“धुतलं. दोनदा.”

जावयाने हात पुढे केला. “बॅटरी द्या.”

आजवर ती बॅटरी त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती. त्यांनी ती खिशातून काढून दिली. जावयाने एक डोळा मिटून आडव्या भोकात उजेड टाकला आणि बराच वेळ आत बघत राहिला. आपण धुतलंय म्हणून सांगितल्यावरही दुसरा माणूस तपासतो तेव्हा कसं वाटतं, ते मिस्त्रींना पहिल्यांदा कळलं. फार लागलं.

“अजून आहे,” जावई म्हणाला. “आत, डावीकडे.”

मिस्त्री वाकले. होतं.

जावयाने कॅलिपर खाली ठेवला. खोक्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. “मी उद्या आठला येतो,” तो म्हणाला. “आधी दोन पिस्टनच्या सगळ्या गाड्या परत बोलावू. जायचं की नाही ते त्यानंतर बघू.” बोलता बोलता त्याने बॅटरी स्वतःच्या खिशाला अडकवली. ते मिस्त्रींनी पाहिलं आणि मागितली नाही.

बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता आणि जिन्यात काळोख झाला होता. पहिल्या पायरीवर त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी जावयाने बसवलेला कठडा धरला आणि एकेक पायरी खाली उतरले.